दोन बाइटचा इंट

सी भाषेतला ‘इंट’ किती बाइटचा? गोंदियात बीसीए, बीसीसीए किंवा पॉलिटेक्निकच्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक जण डोळे मिटून सांगतील: दोन. व्हायव्हात हे उत्तर चालते. एका गुणाच्या प्रश्नातही चालते. गाइडमध्ये ते ठळक अक्षरांत छापलेले असते.

त्याच मुलाने सालेकशाला परतताना गाडीत बसल्या बसल्या फोनवर चार ओळींचा प्रोग्राम चालवला, तर उत्तर चार येते. मग खरे कोण, फोन की पुस्तक? परीक्षेपुरते पुस्तक. आणि परीक्षेपुरते म्हणजे आपल्याकडे कायमचेच.

पुस्तक एके काळी खोटे नव्हते, हे मान्य. बोरलँडच्या टर्बो सीवर, 16 बिटांच्या डॉसमध्ये, इंट दोन बाइटचाच होता. तो काळ 1990च्या आसपासचा. त्यानंतर गाइडचे मुखपृष्ठ बदलले, किंमत वाढली, वर ‘सुधारित आवृत्ती’ अशी पट्टी आली. आत इंट होता तिथेच राहिला.

वास्तविक सीचे प्रमाणक इंटबद्दल एवढीच हमी देते की, त्यात 32767पर्यंतची संख्या मावेल. त्यापुढे किती, ते यंत्र आणि कंपायलर ठरवतात. हा काही अलीकडचा शोध नाही. कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या 1978च्या पहिल्या आवृत्तीत चार यंत्रांचा तक्ताच दिलेला आहे. पीडीपी-11वर इंट 16 बिटांचा, हनीवेल 6000वर 36, आयबीएम 370 आणि इंटरडेटा 8/32वर 32. रिची तर या भाषेचे जन्मदाते. त्यांनी एकच आकडा ठोकून दिला नाही. ते धाडस पुढे गाइडवाल्यांनी केले.

याहून नवलाची गोष्ट संगणकाच्या लॅबमध्ये आहे. आजच्या 64 बिटांच्या विंडोजवर जुना टर्बो सी चालतच नाही. मग डॉसबॉक्स घातला जातो. डॉसबॉक्स नव्या संगणकाला तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाची बतावणी करायला लावतो, आणि त्या बतावणीत इंट पुन्हा दोन बाइटचा होतो. पुस्तकातले उत्तर बरोबर ठरते. चांगली जीसीसी फुकट मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारत नाही. जुने पुस्तक टिकवण्यासाठी नवे यंत्र म्हातारे करणारी ही पद्धत कुठल्याच प्रात्यक्षिक वहीत लिहिलेली नाही, पण पाळली मात्र निष्ठेने जाते.

दोन बाइट की चार, याने काय बिघडते? धानाच्या जिल्ह्यात हा प्रश्न पडू नये. टर्बो सीमध्ये साध्या इंटने बेरीज करत गेलात, तर 32767नंतरचे क्विंटल उणे 32768 दिसेल. गोंदियाची हंगामातली धान खरेदी लाखो क्विंटलांत मोजली जाते. ही मर्यादा ज्यांनी गृहीत धरली नाही, त्यांचे काय झाले तेही नोंदलेले आहे. 4 जून 1996 रोजी एरियान-5 हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाले. 16 बिटांत न मावणारी संख्या तिथे कोंबली गेली होती. त्या प्रोग्रामची भाषा सी नव्हती. मर्यादा हीच होती.

संदर्भपुस्तक निवडायला म्हणूनच फार विद्वत्ता लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या डेटा टाइपचे पान उघडावे. ‘इंट: 2 बाइट’ एवढेच असेल, तर पुस्तक परत ठेवावे. कोणत्या कंपायलरवर, कोणत्या यंत्रावर, हे सांगितले असेल, तर पुढची पाने पाहावीत. पहिल्या प्रकारच्या पुस्तकात बहुधा ‘गेट्स’ही सुखाने नांदत असते. ते फंक्शन धोक्याचे म्हणून 2011च्या प्रमाणकातून काढूनच टाकले आहे.

लेखकाचे नाव मोठे आहे, एवढ्यावर विसंबून भागत नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’च्या पंधराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. ग्रंथालयाच्या कपाटात त्यांतली कोणती आहे, हे नाव वाचून कळत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी जी संदर्भग्रंथांची यादी असते, तिच्यात बहुतेकदा लेखक असतो, प्रकाशक असतो. आवृत्ती आणि साल नसते. औषधाच्या दुकानात मुदत न पाहता बाटली घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

गाइडवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. पेपरात येते ते ते छापतात. अडले आहे ते पेपर काढणाऱ्यांपाशी, आणि त्यांच्याकडून मागणे फार मोठे नाही. ‘इंट किती बाइटचा?’ या प्रश्नात कंपायलरचे नाव तेवढे घालावे. ते घालायचे म्हटले, की लॅबमध्ये आज कोणता कंपायलर चालतो आणि का, हे आधी स्वतःला विचारावे लागेल.