ऐकत नाही, की विचार करतं?

आमच्या वाशिम जिल्ह्यात कारवानी कुत्र्याबद्दल हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "काईच ऐकत नाई वो हे!" माझं मत थोडं वेगळं आहे. ते ऐकतं. ऐकल्यावर उठायचं की नाही, हे मात्र ते स्वतः ठरवतं. याला 'ढ' म्हणणं मला पटत नाही.

कारवानी म्हणजे तोच, उंच, सडपातळ, पोट आत गेलेला कुत्रा. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. कारवान म्हणजे तांडा, त्यावरून हे नाव. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी ही जात. ससा उठला की सुटायचं आणि वळण कुठे घ्यायचं ते धावता धावता ठरवायचं. मालक तोवर कुठेतरी मागे धापा टाकतोय, तो काय आज्ञा देणार? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या स्वतः निर्णय घेण्यासाठीच निवडलं, त्याने आपल्या हाताकडे टक लावून बसावं ही अपेक्षा म्हणजे डिझाइन एक आणि टेस्टिंग दुसऱ्याच स्पेसिफिकेशनने!

स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने 1994 मध्ये कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं. त्याच्या यादीत बॉर्डर कॉली पहिला आणि नजरेवर शिकार करणारा अफगाण हाउंड शेवटचा. लोक हा निकाल लगेच सांगतात. पण ती यादी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केलेली होती, म्हणजे मोजलं काय, तर सांगितलेलं किती पटकन करतो ते. आपल्याकडेही वायवाला 'येस सर' म्हणणाऱ्याला दोन मार्क जास्त पडतात असं म्हणतात. (सरांनी हलके घ्यावे.) आणि ही जात शिकतच नाही म्हणावं, तर 2016 मध्ये लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली, ती उगाच नाही.

आमच्या घरी कारंजाला तीन वर्षांपासून बिजली आहे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं 'कम'. पप्पांचं 'ये', आजीचं 'इकडं ये वो माय'. एकाच फंक्शनला तीन नावं, कुठला कंपायलर घेईल? शेवटी 'ये' ठरलं. इंग्रजी-मराठीचा प्रश्न नव्हता, शब्द एक हवा होता. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तेच सहाव्यांदा सांगितलं की ती तोंड फिरवते. तिथे थांबायचं. मारून तर काहीच होत नाही. मारलेलं कारवानी जवळ यायचं सोडून देतं आणि मग बोलवायचं कशाला? 'बस'चा आग्रह आम्ही धरला नाही. हाडांवर मांस कमी, फरशीवर बसायला तिला त्रास होतो. ती उभी राहून थांबते, तेवढं पुरे.

एका गोष्टीत मात्र तिच्या मर्जीवर काही सोडायचं नाही. एकदा नजर लागून ती सुटली की 'ये' कितीही पक्कं असो, उपयोग शून्य. आमच्या बाजूला कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, शेतात ससे आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. कुत्र्याला कायदा कळत नाही, आपल्याला कळतो. म्हणून उघड्या रानात दोर हवाच.

एवढं कोण करणार, म्हणून लोक दुसरा मार्ग घेतात. रीलमध्ये पळणारं कारवानी बघून पिल्लू आणायचं, वर्षभर साखळीला ठेवायचं, आणि मग 'हट्टी आहे' म्हणून हायवेला सोडून यायचं. मागच्या उन्हाळ्यात असं एक आमच्या वेशीवर आलं होतं. मानेवर साखळीचा वण होता. दोन दिवस ते प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावलं, तिसऱ्या दिवशी दिसलं नाही.

आपल्या हॉस्टेलमधल्या दोघांनी दिवाळीत कारवानी न्यायचं ठरवलंय म्हणे, त्यातल्या एकाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. रोज पहाटे त्याला पळवायला कोण नेणार हे त्यांनी घरी आधी विचारावं. उत्तर 'बघू' असेल तर पिल्लू आणू नये. उत्तर पक्कं असेल तर रुंद पट्टा घ्यावा, कारण डोकं अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. लांब दोर मात्र गळ्याला नको, अंगातल्या हार्नेसला बांधावा, नाहीतर पूर्ण वेगात झटका थेट मानेला बसतो.