आभाळाची वही : लांडगा खरंच येतो तेव्हा



सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलंच रागावून लिहिलेलं! ती म्हणते, "काका, बातम्यांत 'मुसळधार पाऊस' सांगितला, म्हणून आईनं मला दिवसभर छत्री आणि रेनकोट दोन्ही वाहायला लावलं. पडलं मात्र कडकडीत ऊन. सगळा वर्ग मला हसला. अंदाज जर चुकणारच असेल, तर तो सांगतातच कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर इथं बसून नीट देता येणार नाही. त्यासाठी आज आपण अशा ठिकाणी जाऊ या, जिथं अंदाज चुकला तर नुसता गणवेश भिजत नाही, जीव जाऊ शकतो. स्वेटर, मफलर, हातमोजे सगळं घ्या. चला अलास्काला!

नकाशात अलास्काचं अगदी वरचं टोक शोधा. तिथं समुद्रकाठी उत्कियाविक नावाचं गाव आहे. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत, म्हणून जुन्या नकाशात तेच नाव दिसेल. इनुपियाक लोकांचं हे गाव ७१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्याही थोडं वर आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर इथं सूर्य मावळतो, तो थेट जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. दोन महिन्यांहून मोठी रात्र!

आता एक गंमत ऐका. इथं पडणारं बर्फ तसं फार नसतं. पाऊस-बर्फाचा हिशेब मांडला, तर हा भाग वाळवंटासारखा कोरडा ठरेल. मग हिमवादळं येतात कुठून? जमिनीवरून! आधी पडलेलं भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि पिठासारखं उधळत नेतो. कधी कधी तर डोक्यावर चांदण्या दिसत असतात आणि समोरचं घर मात्र दिसत नाही.

अमेरिकेच्या हवामान खात्यानं हिमवादळाची, म्हणजे 'ब्लिझर्ड'ची व्याख्या ठरवून टाकली आहे. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, उडत्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि हे सगळं निदान तीन तास चाललेलं. ४०० मीटर म्हणजे धावण्याच्या मोठ्या मैदानाची एक फेरी. जोराच्या वादळात तर आपलेच बूट दिसेनासे होतात. घर आणि शाळा यांच्यातल्या चार पावलांत माणूस वाट चुकतो.

मग हे आधी ओळखायचं कसं? उत्कियाविकचा इशारा तयार होतो सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेला, फेअरबँक्स शहरातल्या कचेरीत. तिथल्या अंदाजकारापुढं अडचणी कमी नाहीत. पावसा-बर्फाचा माग काढणारी मोठी रडार केंद्रं अख्ख्या अलास्कात अवघी सात, आणि उत्तर किनाऱ्यावर त्यांतलं एकही नाही. विषुववृत्तावर टांगल्यासारखे दिसणारे उपग्रह ध्रुवाकडं फार तिरकस बघतात. म्हणून ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते. ते साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतात. त्यांतल्या काहींचे डोळे इतके तीक्ष्ण, की त्यांना नुसत्या चंद्रप्रकाशातही ढग दिसतात. त्या लांबलचक रात्रीत याचा केवढा उपयोग!

शिवाय फुगे असतात. हो, फुगेच! हायड्रोजन किंवा हेलियम भरलेल्या मोठ्या फुग्याला एक छोटी पेटी बांधतात. वर जाता जाता ती तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब रेडिओनं कळवते; ती कशी वाहत गेली, त्यावरून वाराही कळतो. तीसेक किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो. असे फुगे जगभर ठरलेल्या दोन वेळी सोडतात. आपल्याकडं सकाळचे आणि संध्याकाळचे साडेपाच वाजण्याच्या सुमारास. मुंबईचा आणि नागपूरचा पहाटेचा फुगा वर जातो, त्याच सुमारास अलास्कात आदल्या दिवशीच्या दुपारी तीनचा फुगा वर जात असतो. हवेला देशांच्या सीमा ठाऊक नाहीत, तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच चित्र पुरं होतं.

ही मोजमापं नकाशावर मांडली, की भूगोलाच्या पुस्तकातल्या समभार रेषा काढता येतात. परीक्षेपुरत्या पाठ करून सोडून दिल्यात ना? अंदाजकार मात्र त्यांच्याकडं डोळ्यांत तेल घालून बघतो. रेषा एकमेकींपासून लांब असतील तर वारा सुस्त. त्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, की वारा सुटणार. मग तो स्वतःला दुसरा प्रश्न विचारतो : जमिनीवरचं बर्फ कसं आहे? ताजं, भुसभुशीत असेल तर उडेल. वर कडक पापुद्रा धरला असेल, तर तेवढ्याच वाऱ्यात जागचं हलणार नाही. वारा तोच, पण एकदा वादळ होतं, एकदा होत नाही.

नुसत्या थंडीचा अंदाज याच्या अगदी उलटा. त्यासाठी वारा नको. आकाश निरभ्र हवं, हवा निवांत हवी आणि रात्र मोठी हवी. जमिनीची ऊब आकाशाकडं निघून जाते, थंड हवा जड म्हणून खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला गावापेक्षा खाली वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं ना, तोच हा प्रकार. कॅनडाच्या युकॉन भागात डोंगरांमधल्या अशाच एका खोलगट जागी स्नॅग नावाचं विमानतळाचं ठाणं होतं. ३ फेब्रुवारी १९४७ ला तिथं अशी थंडी पडली, की तापमापीतला द्रव शेवटच्या खुणेच्याही खाली गेला! (त्यात अल्कोहोल होतं. पारा उणे ३९ अंशांच्या आसपासच गोठतो.) निरीक्षकानं काचेवर बाहेरून बारीक कानशीनं खूण केली. पुढं तपासणीत आकडा ठरला उणे ६३ अंश सेल्सिअस. कॅनडातला हा नीचांक आजही कायम आहे. त्या दिवशी हवा इतकी शांत होती, की कित्येक किलोमीटरवरच्या गावातल्या कुत्र्यांचं भुंकणं ठाण्यावर ऐकू येत होतं.

थंडीला वारा मिळाला, की काय होतं? बोट ओलं करून पंख्याखाली धरा, थोडी कल्पना येईल. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचं पातळ पांघरूण असतं. वारा ते ओढून नेतो. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे ३३ इतकं झोंबतं आणि १० ते ३० मिनिटांत ती गोठू शकते. लोखंडाचा खांब मात्र उणे २० च्या खाली जात नाही, कारण त्याला अंगची ऊबच नाही! २००१ साली अमेरिका आणि कॅनडानं या हिशेबाचं सूत्र नव्यानं ठरवलं, तेव्हा खरीखुरी माणसं थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याचं तापमान मोजलं होतं.

आता येऊ मैत्रिणीच्या प्रश्नाकडं. संगणक एकच अंदाज देत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. युरोपच्या हवामान केंद्रात एका वेळी पन्नासवेळा! समजा, त्यांतली तीस उत्तरं 'वादळ' म्हणतात आणि वीस म्हणतात 'नाही'. अंदाजकारानं काय सांगावं? इशारा दिला आणि वादळ आलं नाही, तर शाळा उगाच बंद, विमानं उगाच रद्द, लोक हसणार. इशारा दिला नाही आणि वादळ आलं, तर?

१२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेच्या डकोटा आणि नेब्रास्का भागात हेच घडलं. कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर ती सकाळ उबदार उगवली. मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. दिवसाउजेडी अचानक हिमवादळ कोसळलं. थंडीच्या लाटेची सूचना निघाली होती. पण ती तारेनं यायची, झेंडे लावून कळवायची. दूरदूरच्या शेतांवर आणि एकेका खोलीच्या शाळांत ती पोचलीच नाही. सुमारे २३५ माणसं गेली, त्यांत पुष्कळ शाळकरी मुलं होती. आजही ते वादळ 'मुलांचं हिमवादळ' म्हणून ओळखतात.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गुराखी पोरगा खोटं बोलला, म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण गोष्टीच्या शेवटी लांडगा खरंच येतो, हे विसरून जातो. अंदाजकार खोटं बोलत नसतो. त्याला झुडूप हललेलं दिसलेलं असतं. आत लांडगा आहे की ससा, हे तो अजून बघतोय. पण खात्री होईपर्यंत थांबला, तर हाक मारायला वेळ उरत नाही. म्हणून तिथं आधी 'सावध राहा' म्हणतात आणि खात्री वाढली की 'इशारा' देतात.

तेव्हा मैत्रिणी, तुझी छत्री वाया गेली नाही. त्या दिवशी झुडपात ससा निघाला, इतकंच.

आता तुम्हा सगळ्यांना गृहपाठ. महिनाभर रोज संध्याकाळी उद्याचा अंदाज वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी काय झालं, ते त्याच्यासमोर लिहा. चुका दोन वेगळ्या रकान्यांत मांडा : 'सांगितलं पण झालं नाही' आणि 'झालं पण सांगितलं नव्हतं'. महिन्याच्या शेवटी आईबाबांबरोबर बसून ठरवा, तुम्ही अंदाजकार असता, तर यांतली कुठली चूक पत्करली असती?

काय ठरलं ते मला कळवा. आणि हो, पोस्टात पत्र टाकायला जाल, तेव्हा छत्री घेऊन जा!