शस्त्रक्रियेआधीचे चार आठवडे

कर्करोगाचे निदान झाले की घरातील वातावरण एकदम बदलते. रुग्णाने जिना चढू नये, पिशवी उचलू नये, शक्यतो पडून राहावे, असा आग्रह सुरू होतो. तपासण्या, पैशांची जुळवाजुळव आणि शस्त्रक्रियेच्या तारखेची प्रतीक्षा यांत जाणारे तीन-चार आठवडे अशा सक्तीच्या विश्रांतीत सरतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. मात्र हा काळ उपचारांचाच भाग मानून त्यात रुग्णाकडून व्यायाम करून घ्यावा, हा विचार वैद्यकविश्वात आता बळावू लागला आहे. ‘प्रीहॅबिलिटेशन’ या नावाने तो ओळखला जातो.

त्यामागील कारण सरळ आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची प्राणवायूची गरज वाढते. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्यात ताकद शिल्लक असेल, तर हा ताण पेलता येतो. नसेल तर न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. कर्करोगाने वजन घटलेले, केमोथेरपीने दमसास कमी झालेला. अशा शरीराला पडून राहण्याने आणखी क्षीणता येते.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ७७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि मनःशांतीचे उपाय हा कार्यक्रम एका गटाने शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी सुरू केला, तर दुसऱ्याने शस्त्रक्रियेनंतर. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातील ८४ टक्के रुग्ण पूर्वीइतके चालू शकत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

असे असले तरी हा रामबाण उपाय नव्हे. वृद्ध व दुर्बल रुग्णांवरील २०२० च्या मॅकगिल विद्यापीठाच्याच अभ्यासात गुंतागुंत कमी झाली नाही. २०२३ च्या चाचणीतील व्यायाम रुग्णालयात, देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा आणि चांगलाच घाम काढणारा होता. ‘रोज थोडे चालत जा’ या मोघम सल्ल्याला हे आकडे लागू करता येणार नाहीत.

म्हणूनच ब्रिटनमधील ग्रेटर मँचेस्टरचा प्रयोग लक्षणीय ठरतो. तेथे २०१९ पासून कर्करोगाच्या रुग्णांना घराजवळच्या सार्वजनिक व्यायाम केंद्रांत प्रशिक्षित मार्गदर्शकांकडे पाठवले जाते आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. व्यायामाची जबाबदारी एकट्या रुग्णावर न टाकता व्यवस्थेने ती उचलली, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

भारतात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. ज्याला घास चावता येत नाही, त्याच्यासाठी व्यायामाआधी आहाराचा प्रश्न उभा राहतो. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून येऊन धर्मशाळेत दिवस काढणाऱ्यांना व्यायामशाळेचा सल्ला देणे ही थट्टाच ठरेल. परंतु फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांची भेट शस्त्रक्रियेनंतर नव्हे, तर निदान होताच घडवून आणणे, श्वसनाचे व्यायाम शिकवणे आणि तंबाखू सोडण्यास मदत करणे, यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

अर्थात, व्यायामासाठी शस्त्रक्रिया लांबवणे योग्य नव्हे. तीव्र रक्तक्षय, हृदयविकार किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याविना पाऊल टाकू नये. परंतु प्रतीक्षा करावी लागणारच असेल, तर तो काळ रुग्णाला बळ देण्यासाठी कसा वापरायचा, याचे उत्तर नातेवाइकांच्या अंदाजावर न सोडता रुग्णालयांनीच द्यायला हवे.