दमेकऱ्याची दाढ

दाढ काढावयाची म्हटले की माणूस पहिली चौकशी करतो ती दुखण्याची आणि दुसरी खर्चाची. आपल्याला दमा आहे, ही गोष्ट दंतवैद्याच्या कानावर घालावी असे थोड्यांनाच सुचते. आणि ज्यांना सुचते त्यांतील कित्येकजण ती बुद्ध्या टाळतात. दमा ही आपल्या समाजात अद्याप लपविण्याची व्याधी आहे. लग्नाच्या बोलण्यात ती निघत नाही आणि पाहुण्यांदेखत पंप ओढणे प्रशस्त वाटत नाही. भारतात दम्याचे रुग्ण साडेतीन कोटींच्या आसपास असल्याचा २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या समूहाचे हे मौन इतरत्र खपून जात असेल. दंतवैद्याच्या खुर्चीत ते खपत नाही.

दंतवैद्य काम करतो तेच मुळी श्वासाच्या वाटेवर. रुग्ण उताणा, तोंड उघडे, त्यात पाण्याचा फवारा, घासलेल्या दाताची भुकटी, रसायनांचा उग्र वास आणि या सर्वांहून प्रभावी अशी भीती. यांतील कशानेही आधीच सुजलेल्या श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. तथापि खुर्चीपेक्षा अधिक विचार करावयास हवा तो औषधांचा.

अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दातदुखीवरची नित्याची औषधे काही दमेकऱ्यांना तीव्र झटका आणतात. अशांना डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सुचवितात. हिरडी बधिर करण्याच्या ज्या इंजेक्शनात अॅड्रिनलिन असते, त्यात ते टिकावे म्हणून सल्फाइट मिसळलेले असते. मोजक्याच रुग्णांना, विशेषतः ज्यांचा दमा तीव्र आहे त्यांना, ते बाधू शकते, आणि त्यांच्यासाठी अॅड्रिनलिनविरहित इंजेक्शन मिळते. आपल्याकडे डेरिफायलिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना जंतुसंसर्गासाठी एरिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दिले गेल्यास गोळीतील थिओफायलिनचे रक्तातील प्रमाण वाढून मळमळ, धडधड, प्रसंगी आकडीही येऊ शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याने तर ते आवर्जून सांगावयास हवे. कारण मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण पेलणारे शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइड अशा व्यक्तीत अपुरे पडू शकते. यांतले एकही संकट असे नाही की जे दंतवैद्याला आधी कळले असता टाळता येणार नाही.

म्हणून अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, एकाच बैठकीत अनेक दात काढणे किंवा इम्प्लांट यांसारखे मोठे काम ठरले, की आधी दम्याच्या डॉक्टरांकडे जावे, आणि तेही काही आठवडे अगोदर. आदल्या दिवशी नव्हे. धाप लागल्यावर पंप ओढला की भागले, या समजुतीवर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत. सूज आटोक्यात ठेवणारे रोजचे औषध चालू असले पाहिजे, आणि दाताच्या कामाच्या धास्तीने ते बंद करण्याचे काहीच कारण नाही. पंपाची सवय लागते, हा आपल्याकडील आवडता गैरसमज येथे फार महागात पडतो.

वेळ शक्यतो सकाळी उशिराची घ्यावी, कारण दमा रात्री व पहाटे अधिक जोर करतो. पंप पिशवीच्या तळाशी नव्हे, हाताशी ठेवावा. त्यात औषध शिल्लक आहे ना, हे पाहून निघावे. सर्दी झाली असेल किंवा छातीत घरघर असेल तर काम पुढे ढकलावे. कारकुनाची रजा वाया जाईल, विद्यार्थ्याची परीक्षा जवळ आली असेल, तरीही ढकलावे. मात्र दम्याचे निमित्त करून किडलेली दाढ वर्षभर तशीच ठेवणे हा निराळा प्रकार झाला. काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि कोरड्या तोंडात कीड लवकर लागते. तेव्हा दमेकऱ्याने दातांची हयगय इतरांहून कमी करावी, आणि स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर न चुकता चूळ भरावी.

हे सर्व रुग्णावर ढकलून दंतवैद्याला मोकळे होता येणार नाही. केसपेपरवर ‘दमा आहे काय?’ असा प्रश्न छापला म्हणजे चौकशी झाली असे नव्हे. ज्याला घरी आजवर ‘अॅलर्जिक ब्राँकायटिस’ म्हणूनच सांगण्यात आले, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देईल. मराठीत आणि मोकळेपणाने विचारावे : शेवटची धाप केव्हा लागली, रात्री उठून बसावे लागते का, पंप आठवड्यातून किती वेळा लागतो, श्वासासाठी इस्पितळात कधी ठेवले होते का, कोणत्या गोळीने त्रास झाला होता. दवाखान्यात पंप, स्पेसर आणि प्राणवायू असावा. झटका आलाच तर हातातले काम थांबवावे, तोंडातले सारे काढावे, रुग्णाला ताठ बसवून पंप द्यावा आणि आराम पडत नसेल तर विनाविलंब १०८ ला कळवावे, याचा सराव सहायकांनाही हवा.

आणि दाढ काढून घरी गेल्यावर रात्री ठणका लागला, की कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘दुखण्याची एक गोळी’ मागविली जाते. दुकानदार ती विनाप्रश्न देतो. कोणती गोळी चालेल आणि कोणती नाही, हे दंतवैद्याने कागदावर लिहून दिलेले असेल, तर तो कागद त्या वेळी दुकानात न्यावा.