अर्थशास्त्र शिकलेल्या मुली आणि आपण



बी.ए.चे निकाल लागले की चिखली, मेहकर, खामगावकडच्या मुली एकच प्रश्न घेऊन येतात : अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आता पुढे काय? घरच्यांचे उत्तर ठरलेले असते. पदवी स्थळाच्या कागदावर लिहायला, फार तर बी.एड.

वाटा आहेत. बँकांच्या बहुतेक भरती परीक्षांना कुठलीही पदवी चालते. केंद्राच्या भारतीय अर्थ सेवेसाठी मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे आणखी दोन वर्षे. आणि नेमकी ही दोन वर्षेच घरचे मुलीला द्यायला तयार नसतात. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदे भरते. 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे पुस्तक याच खात्याचे. आपल्यापैकी किती जणींनी ते उघडून पाहिले आहे?

पण आम्हाला आज बोलायचे आहे ते आपल्याच अंगणातल्या कामाबद्दल. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी अनेक गावांत विकास आराखड्यावर सही सरपंचबाईची आणि आकडे दुसऱ्याच कुणाचे. बचत गटात कर्ज, व्याज, थकबाकी यांचा मेळ घालायला कुणीतरी जाणती लागते. अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीने करावे असे हे काम आहे, आणि ती ते करतेही. आपण तिला काय देतो? चहा, कौतुक, "आपलंच काम आहे गं" असे दोन शब्द, आणि जमलेच तर मानधन.

मानधन हा शब्दच फसवा आहे. मान पुढे करायचा आणि धन राखून ठेवायचे. अंगणवाडी सेविकांना याच शब्दावर वर्षानुवर्षे राबवले गेले. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ साली.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला २८९ मिनिटे वेळ त्यात जातो असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८. शिबिरात हे आकडे आपण फळ्यावर लिहितो. आणि शिबिराचा जमाखर्च फुकट लिहून घेतो तो एखाद्या पदवीधर मुलीकडूनच! १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. आज त्या आपल्या कचेरीत आल्या तर वही मागतील.

सगळ्यांनाच पूर्ण पगार परवडणार नाही, हे आम्हीही भोगतो आहोत. म्हणून चार-पाच गटांनी मिळून एक हिशेबनीस नेमावी, नेमणुकीचे पत्र द्यावे, अनुभवाचा दाखला द्यावा. पुढच्या नोकरीच्या अर्जाला तो तिच्या कामी येईल. देणगीदारांना पाठवायच्या अंदाजपत्रकात तिचा पगार पहिल्या पानावर लिहावा, 'किरकोळ' मध्ये नव्हे.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने कळवावे : हिशेब कोण ठेवते, तिला महिन्याला किती देता, आणि ते कोणत्या तारखेला तिच्या हातात पडतात. आकडे येतील तसे छापू. आमच्या कचेरीचेही.