पाच दिवसांत कझाकस्तान होत नाही

‘अमुक हजारांत कझाकस्तान!’ ही रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. शिंबुलाकची केबल कार, कोलसाईचं हिरवं-निळं तळं, चारिनची लाल घळ, हातावर बसवलेला गरुड आणि शेवटी हिशोबाचा तक्ता. विमान इतकं, हॉस्टेल इतकं, जेवण इतकं. खाली कमेंटमध्ये आपलीच माणसं: ‘भावा, पीडीएफ पाठव.’

मीही ती पीडीएफ मागवलेली आहे. त्यामुळे वर बसून उपदेश करायचा मला हक्क नाही. पण एकदा तिकडे जाऊन आल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी असं वाटतं. आपण ज्याला बजेट म्हणतो, त्यातले आकडे खरे असतात आणि हिशोब खोटा असतो.

आधी थोडा भूगोल. कझाकस्तान सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळपास नऊ महाराष्ट्र. जगातला नववा मोठा देश. माणसं मात्र दोन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई आणि तिची उपनगरं मिळून होतील साधारण तेवढीच. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार एका चौरस किलोमीटरमध्ये ३६५ माणसं राहतात, तिथे सात. आता रीलमधल्या सगळ्या जागा नकाशावर शोधा. शिंबुलाक अल्माटी शहराच्या डोक्यावर आहे, चारिन सुमारे दोनशे किलोमीटरवर, कोलसाई तीनशेच्या आसपास. सगळं एका आग्नेय कोपऱ्यात. कुणी परदेशी माणूस मुंबईत उतरला, गेटवे पाहिलं, लोणावळा-महाबळेश्वर केलं आणि परत जाऊन ‘इंडिया झाला’ म्हणाला, तर आपण हसू की नाही? आपण तेच करतोय आणि वर त्याचा तक्ता विकतोय.

आमचा चौघांचा ग्रुप होता. सगळे पुण्यात नोकरीला. एक्सेल शीट माझ्याकडे, कारण ऑफिसातही मी तेच करतो. त्या शीटमध्ये मी एक लाल कॉलम केला होता: ‘डेड टाइम’. सहा तासांपेक्षा जास्त लांबीचा कुठलाही प्रवास त्यात जायचा. आणि त्या लाल कॉलममध्ये पहिल्याच दिवशी मीच एक ओळ टाकली: अल्माटी ते अराल, रेल्वेने, दीड हजार किलोमीटरहून जास्त, एक अख्खा दिवस आणि वर आणखी काही तास. परतीला पुन्हा तेवढेच.

अराल का? मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरी कापूस. आमच्याकडे कापसाला पांढरं सोनं म्हणतात. सोविएत काळात मध्य आशियातही कापसाला हेच नाव होतं, हे वाचलं तेव्हा मी चमकलो होतो. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी प्रामुख्याने कापसाकडे वळवलं आणि जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर डोळ्यांदेखत आटलं. तो अराल समुद्र. मला ते गाव बघायचं होतं जिथलं बंदर राहिलं आणि समुद्र निघून गेला.

ग्रुपवर उत्तर आलं: ‘चार दिवस ट्रेनमध्ये घालवून बघायचं काय? तिकडे काहीच नाही.’ खाली दोन हसणारे चेहरे.

शेवटी दोघांनी पाच दिवसांचं अल्माटी केलं, आणि मी एका मित्राला घेऊन बारा दिवसांसाठी गेलो. पाच दिवसवाले मजेत परत आले आणि त्यांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे आधीच कबूल करतो. माझं भांडण त्यांच्या मजेशी नाही. भांडण ‘काहीच नाही’ या दोन शब्दांशी आहे.

कारण हे शब्द त्या जमिनीवर याआधीही वापरले गेलेत. १९४९पासून सोविएत सत्तेने सेमिपलातिन्स्कजवळचा गवताळ पट्टा अणुचाचण्यांसाठी वापरला, तो असाच ओसाड समजून. आजूबाजूला गावं होती, मेंढपाळ होते. १९८९पर्यंत तिथे ४५६ अणुस्फोट झाले. त्यांचं मोल तिथल्या माणसांनी आजारांनी चुकवलं. १९८९मध्ये ओल्झास सुलेमेनोव या कवीने चाचण्यांविरुद्ध चळवळ उभी केली आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते केंद्र बंद झालं. त्याआधी १९३०-३३च्या काळात भटक्या पशुपालकांना जबरदस्तीने एका जागी बसवलं, जनावरं काढून घेतली आणि दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. त्यातले बहुसंख्य कझाक. मग याच ‘मोकळ्या’ जागेत १९३७ला अतिपूर्वेतले कोरियन, १९४१ला व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ला चेचेन गाड्यांत कोंबून आणून सोडले. हा देश विरळ दिसतो, त्यात निसर्गाचा वाटा आहेच. पण काही माणसं तिथून पुसली गेली आहेत, आणि काही तिथे फेकली गेली आहेत.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपल्याकडेही माळरानाची नोंद सरकारी कागदात पडीक म्हणून होते. जी जमीन धनगराची मेंढरं पोसते, जिथे माळढोक राहायचा, तिला पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही उभारायला मोकळीक मिळते. ‘काहीच नाही’ म्हणणारा नेहमी बाहेरचा असतो आणि घाईत असतो.

आता ट्रेन. तिथल्या सर्वांत स्वस्त झोपायच्या डब्याला प्लात्सकार्त म्हणतात. आपल्या स्लीपरची सख्खी बहीण: दार नसलेले कप्पे, पॅसेजच्या बाजूला साइड लोअर, साइड अपर, एका डब्यात ५४ बर्थ. फरक इतकाच की गादी-चादर मिळते, प्रत्येक डब्याला एक परिचारक असतो आणि टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो. चहा पावडर आणि नूडल्स सोबत ठेवा, प्रश्न मिटला. म्हणजे बघा, ज्या प्रवासाला मी ‘डेड टाइम’ म्हणत होतो, तो पूर्ण सहलीतला सगळ्यात स्वस्त भाग निघाला. भाड्यातच रात्रीचा मुक्कामही होत होता.

समोरच्या बर्थवर एक म्हातारी बाई होती. कझाक भाषेत आजीला ‘अझे’ म्हणतात. मला ते ‘आजी’च ऐकू आलं आणि मी तिला आजीच म्हणू लागलो. तिने पिशवीतून बौरसाक काढले, म्हणजे तळलेल्या पिठाचे फुगीर गोळे, आणि कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट, दगडासारखे गोळे. आम्ही बाकरवडी पुढे केली. बाकीचं बोलणं फोनवरच्या भाषांतरातून. कुठे चाललात? अरालला. किती दिवस? एक. तिने फोन हातात घेऊन पुन्हा वाचलं, आणि शेजारच्या बाईला दाखवलं. दोघी हसल्या. मग तिचं उत्तर स्क्रीनवर आलं: एका दिवसात तर चहासुद्धा होत नाही.

बाहेर सपाट जमीन. दहा मिनिटं सुंदर वाटते, मग तासभर कंटाळा येतो, मग संध्याकाळपर्यंत तीच. खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला. पण त्या कंटाळ्यातच मला नऊ महाराष्ट्र म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. नकाशावर ते कळत नाही आणि विमानात तर मुळीच नाही. वाटेत तोरेतामचं स्टेशन लागलं. हे बायकोनूरचं स्टेशन. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा याच माळावरून अवकाशात गेले. ते तळ रशियाने २०५०पर्यंत भाड्याने घेतलं आहे. आत जायला परवानगी आणि भरपूर पैसे लागतात. आम्हाला फक्त पाटी दिसली आणि तीच सपाट जमीन. पण अवकाशात जायला इतकी जमीन का लागते, हे पाटी बघूनच समजलं.

अराल स्टेशनच्या आत भिंतीवर मोझेक आहे. १९२१मध्ये रशियात लोक उपासमारीने मरत होते, तेव्हा लेनिनच्या पत्रावरून इथल्या कोळ्यांनी १४ वॅगन मासे पाठवले, त्याचं चित्र. दहा वर्षांनी दुष्काळ या लोकांच्या घरात आला. चाळीस-पन्नास वर्षांनी समुद्रही गेला. त्या भिंतीसमोर उभं राहून ‘काहीच नाही’ म्हणून दाखवा. २००५मध्ये कोकाराल धरण झाल्यावर उत्तरेकडचा थोडा समुद्र परत आला, मासे परत आले. पण गावातल्या जुन्या बंदरात पाणी नाहीच.

आणि आता जे सांगायला मी हा लेख लिहायला घेतला, ते.

आजीने आम्हाला हॉटेलात जाऊ दिलं नाही. तिच्या मुलाच्या घरी नेलं. कझाक लोकांत न बोलावता आलेल्या पाहुण्याला ‘कुदायी कोनाक’ म्हणतात, देवाने धाडलेला पाहुणा. सुनेने रात्री मटण शिजवलं, मुलांची खोली आम्हाला दिली, मुलं स्वयंपाकघरात झोपली. सकाळी मी पैसे पुढे केले तर घरातलं वातावरण एकदम गप्प झालं. खिशात परत ठेवले. द्यायला दुसरं काही नव्हतं. बाकरवडीचं अर्धं पाकीट, तेही ट्रेनमध्ये फोडलेलं.

त्याच दिवशी परतीच्या गाडीत मी शीट उघडली. अराल, मुक्काम: ०. जेवण: ०. आणि मला आनंद झाला. बजेटच्या खाली आलो होतो ना! मित्राने ‘फ्री स्टे!’ असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, अंगठे पडले.

ते शून्य खोटं होतं. मटणाचे पैसे कुणीतरी दिले होते. दोन मुलं जमिनीवर झोपली होती. एका कापूसवाल्याच्या पोराला हे समजायला पाहिजे होतं, कारण आमच्या घरीही पाहुणा आला की आई उधारीवर किराणा आणते आणि पाहुण्याला कळू देत नाही. ‘फ्री स्टे’, ‘फ्री फूड’, ‘लिफ्ट मागत अख्खा देश’ अशा बढाया मारणाऱ्या प्रत्येक रीलमागे असं एखादं घर असतं, आणि त्याचा खर्च कुठल्याच पीडीएफमध्ये येत नाही.

आता तुमचं म्हणणं ऐकू येतंय. ‘रजा कुठे आहे?’ खरं आहे. जुलै २०२२पासून भारतीय पासपोर्टवर कझाकस्तान १४ दिवस व्हिसाशिवाय राहू देतो. परका देश चौदा दिवस देतो आणि आपलं ऑफिस पाच दिवस देताना कपाळाला आठ्या घालतं. मग राग कुणावर काढायचा? आपण तो गवताळ माळावर काढतो आणि त्याला ‘डेड टाइम’ म्हणतो. मी त्या बारा दिवसांसाठी दिवाळीची रजा सोडली, घरी बोलणी खाल्ली. सगळ्यांना हे परवडणार नाही, हे मान्य. पण मग भांडण रजेसाठी करा.

‘पैसे कमी आहेत’ हेही ऐकलंय. उलटा हिशोब करून बघा. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, आणि तो पाच दिवसांना तेवढाच, बाराला तेवढाच. तिथे पोचल्यावर ट्रेन, चहा, नूडल्स, ब्रेड, टरबूज यावर दिवस स्वस्तात निघतो. महाग पडते ती घाई: भाड्याची गाडी, दिवसाची टूर, आतली विमानं.

म्हणून प्लॅन करायचाच असेल तर आधी दिवस ठरवा, मग पैसे. एकच रेल्वेमार्ग निवडा आणि त्यावर तीन ठिकाणी उतरा. आमच्या मार्गावर तुर्किस्तान होतं, तिथे तैमूरने १४व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली खोजा अहमद यसावींची समाधी आहे, तेवढ्यासाठी एक दिवस ठेवा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, माळावर रेंज जाते. रोख टेंगे जवळ ठेवा. बॅगेत दोन किलो जागा भेटींसाठी सोडा: चहा, मसाला, मुलांसाठी रंगपेट्या. आणि तो खर्च शीटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, कारण कुणीतरी तुम्हाला घरी नेणारच आहे.

हे नसेल जमत तर अल्माटीला जा. फार छान शहर आहे, डोंगर आहेत, मेट्रो आहे, सफरचंदं आहेत. पाच दिवस मस्त जातील. फक्त परत आल्यावर ‘अल्माटी केलं’ म्हणा. कझाकस्तान अजून तुमचा व्हायचाय.