पंखा घरमालकाचा, बिल आपलं

लाइट बिल आलं की तुमच्या रूमवरही हेच होत असेल. चार जण, एक बिल आणि ‘रात्रभर चार्जर कोण लावून ठेवतं?’ यावरून भांडण. गेल्या महिन्यात आमचे १६० युनिट आले, तेव्हा सगळे माझ्या लॅपटॉपकडे बघायला लागले. शेवटी मी वही-पेन घेऊन हिशोबच मांडला.

फोन रोज फुल चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. आता मान वर करून बघा. तो जुना, घरघर करणारा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. दिवसाला १५ तास फिरला, तर महिन्याला जवळपास ३४ युनिट. आमच्याकडे असे तीन आहेत. म्हणजे १६० पैकी शंभरेक युनिट नुसत्या पंख्यांचे, आणि आम्ही भांडतोय चार्जरवरून!

बाजारात बीएलडीसी पंखे मिळतात. त्यांना तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास वीज लागते. तीनही पंखे बदलले, तर महिन्याला ६० युनिट वाचतील. आपल्याकडे महावितरणचा शंभर युनिटनंतरचा स्लॅब महाग आहे, त्यामुळे वाचणारे हे युनिट नेमके महागातलेच असतात.

मग पंखे बदलत का नाहीत? कारण पंखा घेतो घरमालक आणि बिल भरतो आपण. त्याला स्वस्तातला पंखा परवडतो, जास्तीच्या युनिटची झळ त्याला बसत नाही. आपण म्हणतो, अकरा महिन्यांच्या करारासाठी दुसऱ्याच्या घरात पैसे कशाला घालायचे? कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये उलटी गंमत. तिथं बिल फीमध्येच असतं, त्यामुळे रिकाम्या रूममध्येही पंखा फिरत राहतो. दोन्हीकडे खर्च करणारा एक आणि फायदा होणारा दुसराच.

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. आपण पोस्टर करतो, ‘वीज वाचवा’ची शपथ घेतो. सवय बदलायला हवीच, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायला काही खर्च येत नाही. पण देशात खरा फरक कशानं पडला, तेही बघा. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली. ईईएसएल या सरकारी कंपनीनं एलईडी बल्ब घाऊक प्रमाणात खरेदी केले. २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेली खरेदीची किंमत दोनेक वर्षांत चाळीसच्या खाली आली. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. लोकांना कुणी फार उपदेश केला नाही, चांगली वस्तू स्वस्त झाली एवढंच. पंख्यांवर स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं झालं. त्याच वर्षी ईईएसएलनं एक कोटी पंख्यांचा कार्यक्रमही जाहीर केला. पण लेबल नव्या पंख्यावर असतं, आपल्या डोक्यावरचा पंखा जुनाच आहे.

‘आमच्या तीन पंख्यांनी देशाला काय फरक पडणार?’ असं वाटेल. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. आपली बहुतांश वीज अजून कोळशातून येते. दिवसा सोलरची मदत असते. पण आपण क्लासवरून रूमवर येऊन पंखा लावतो, तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि भार पुन्हा कोळशावर जातो. त्या वेळी कमी लागणारं प्रत्येक युनिट म्हणूनच मोलाचं.

आता आपल्या हातात काय आहे? पुढचा करार करताना डिपॉझिटबरोबर पंख्याचंही बोला. साध्या आणि बीएलडीसी पंख्याच्या किमतीत दीडेक हजाराचा फरक धरा. एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचले आणि युनिट दहा रुपयांचा धरला, तर तो फरक सात-आठ महिन्यांत वसूल होतो, म्हणजे करार संपायच्या आत. निम्मा तुम्ही, निम्मा मालक, असं ठरवा. मालक नाहीच म्हणाला, तर चौघांत मिळून एक पंखा घ्या, जुना जपून ठेवा आणि रूम सोडताना आपला काढून न्या. हॉस्टेलवर असाल, तर प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर मागा. आकडा दिसला की बटणाकडे हात आपोआप जातो.

आम्ही आमच्या घरमालकांना फोन केला. ‘बघू’ म्हणालेत. या महिन्याचं बिल घेऊन पुन्हा करणार आहोत. तोवर तुम्हीही तुमचे युनिट मोजून ठेवा.